सोंगाड्याचं पुस्तक

चैत्री पौर्णिमेला हिंजवडीत म्हातोबाचं बगाड निघतं आणि वाकडकडे ओढत नेलं जातं. एरवी ज्या रस्त्यावर आयटी पार्कच्या बसगाड्या खोळंबून उभ्या असतात, तिथे त्या दिवशी मान बगाडाचा. मुळशी, मावळ, खेड या तालुक्यांतल्या गावजत्रांचा साचा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला होता: सकाळ देवाची, दुपार कुस्त्यांची, रात्र तमाशाची. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को आणि बजाज आले, एमआयडीसीचे प्लॉट पडले, आणि शतक सरता सरता हिंजवडीच्या भातखाचरांवर संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. जत्रा मात्र उठली नाही. त्या जत्रेतली रात्र ज्याच्या जिवावर रंगायची, तो तमाशातला सोंगाड्या. गवळणीत मावशीच्या खोड्या काढणारा, बतावणीत सरदाराला शब्दांत गुंडाळणारा आणि वगात राजाला राजा न मानणारा हा माणूस लिहिता-वाचता असेलच असं नव्हतं. पुढे त्याच्यावर, त्याच्या वारसांवर आणि त्याच्या शहरी चुलतभावंडांवर पुस्तकं आली. ती पुस्तकं मराठी माणसाने कशी वाचली, याचा इतिहास त्या पुस्तकांइतकाच बोलका आहे.

या पट्ट्यात आज दोन तऱ्हांचं हसू शेजारी नांदतं. जुन्या गावठाणातल्या घरांत दादा कोंडक्यांचे संवाद तोंडपाठ. कामानिमित्त येऊन उंच इमारतींत राहिलेल्या मराठी कुटुंबांत पु. ल. देशपांड्यांच्या ध्वनिफिती. विभागणी ढोबळ आहे हे कबूल. गावठाणातली मुलं ‘म्हैस’ ऐकतात आणि चौदाव्या मजल्यावर ‘पांडू हवालदार’ लागतो. पण प्रश्न पुस्तकांचा आला की विभागणी अचानक पक्की होते. लेखणीतून आलेल्या विनोदाला मराठी वाचकाने विचारलं, ‘कसं लिहिलंय?’ फडातून आलेल्या विनोदाला त्याने विचारलं, ‘कसा जगला?’ पहिल्याचं वाङ्मय झालं, दुसऱ्याची कहाणी झाली. माझं म्हणणं असं, की या एका सवयीपायी सोंगाड्याचं कसब आपल्या वाचनाबाहेर राहिलं. आणि ज्या एका प्रसंगी ही सवय उलटी फिरली, तेव्हा वाचक इतका बिथरला की तिची मुळं किती खोल आहेत ते उघडं पडलं.

आधी दादा. कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२चा, मुंबईत नायगावच्या गिरणीवस्तीतला; मूळ गाव भोरजवळचं इंगवली, म्हणजे याच पुणे जिल्ह्यातलं. बँडपथक, अपना बाजारातली नोकरी, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग १९६५ साली वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’, १९६९ साली भालजी पेंढारकरांचा ‘तांबडी माती’ आणि १९७१ साली स्वतःचा ‘सोंगाड्या’. नंतर रौप्यमहोत्सवी चित्रपटांची माळ लागली, गिनीज बुकात नाव गेलं. १४ मार्च १९९८ रोजी दादा गेले. त्यांचं आत्मकथन ‘एकटा जीव’ अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केलं. हे पुस्तक मराठीत भरपूर वाचलं गेलं, आणि त्याबद्दलची मतं बहुतेक दोन टोकांना गेली. एका बाजूला त्याच्या बेधडकपणाचं कौतुक: हा माणूस काही लपवत नाही, गिरणगावातली दादागिरी, फसलेला संसार, माणसांनी दिलेले चटके, सगळं सांगतो. दुसऱ्या बाजूला नाराजी: इतकं सांगायची गरज होती का, इतरांची नावं घ्यायची गरज होती का? दोन्ही मतं परस्परविरोधी वाटतात खरी, पण दोघांचाही चष्मा एकच. दोघेही पुस्तकाला माणसाचं वागणं विचारतात. कौतुक करणारा त्याला प्रामाणिक म्हणतो, नाराज होणारा आगाऊ. तो हसवायचा कसा, हे दोघांनाही विचारावंसं वाटत नाही.

पुस्तकात रंगमंचाचे आणि चित्रपटनिर्मितीचे तपशील नाहीत असं नाही. पण चर्चेत कोणते प्रसंग उरले ते पाहावं. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने ‘सोंगाड्या’ऐवजी देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचं ठरवलं आणि शिवसेनेने हस्तक्षेप केला, ही गोष्ट महाराष्ट्रात लहान पोरालाही ठाऊक आहे. घरगुती दुःख ठाऊक आहे. ‘विच्छा’मधल्या हवालदाराला प्रत्येक प्रयोगात नवं काय सुचायचं, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी वगाच्या राजदरबारात कोणत्या दाराने शिरायची, सबनिसांची बांधेसूद संहिता आणि दादांची उत्स्फूर्त भर यांचा सांधा प्रेक्षकाला का दिसायचा नाही, यावर वाचकांत वाद झाल्याचं सहसा ऐकू येत नाही. दादांच्या द्व्यर्थी विनोदावर वाद झाला, भरपूर झाला, पण तो अश्लील की नाही एवढ्यापुरताच. वास्तविक द्व्यर्थी वाक्य ही अवघड कारागिरी आहे. वाक्याचा सरळ अर्थ संपूर्ण निरागस आणि व्याकरणशुद्ध असावा लागतो. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्या अर्थाची पुसटही जाणीव दिसता कामा नये. आणि पाप सगळं ऐकणाऱ्याच्या पदरात पडावं लागतं. लोंबत्या नाडीची ढगळ चड्डी, भाबडे डोळे, आईच्या धाकातला थोराड पोरगा हा सगळा सरंजाम त्या निरागसपणाचा पुरावा म्हणून उभा केलेला असतो. तमाशातला सोंगाड्या बतावणीत हेच करत आला. ही परंपरा दादांनी पडद्यावर नेली, आणि आम्ही तिच्यात फक्त शील-अश्लील मोजत बसलो.

ही मोजदाद वाचकाने स्वतः शोधून काढलेली नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली. पुढे सुधारणेच्या अटी घालून ती उठली, आणि रंगमंचावर काय बोलणार ते आधी लिहून सरकारी मंडळाकडून तपासून घ्यायची पद्धत आली. ज्या खेळाची सगळी गंमत त्या क्षणी सुचण्यात, त्याला कागदावर यावं लागलं. म्हणजे सोंगाड्याच्या शब्दांचा पहिला अधिकृत वाचक होता परीक्षक. त्याच्या हातात पेन होतं, आणि त्याला एकच प्रश्न नेमून दिलेला होता: यात वावगं काय आहे? पुढच्या वाचकांनी पेन खाली ठेवलं, प्रश्न तोच राहिला.

आता दुसरी बाजू. पु. ल. देशपांड्यांचं ‘बटाट्याची चाळ’ १९५८चं, ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२चं. त्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६५ साली. म्हणजे ज्या वर्षी ‘विच्छा’ रंगमंचावर आलं, त्याच वर्षी. पु. ल. स्वतः चाळीतली सगळी माणसं एकट्याने रंगमंचावर उभी करायचे, तेही अंगाने सोंगाड्याचंच काम. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सेवा दलाच्या कलापथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य त्यांनीच लिहिलं, आणि त्याच सेवा दलाच्या वातावरणातून पुढे दादा कोंडके, निळू फुले, राम नगरकर आले. उगम इतका जवळचा. तरीही पु. लं.च्या पुस्तकांबद्दल वाचक बोलू लागला की बोलणं भाषेचं असतं: कोटी कशी साधली, चितळे मास्तरांचं व्यक्तिचित्र हसवता हसवता कुठे वळतं, ‘अपूर्वाई’तला विनोद पुढच्या प्रवासवर्णनांत पातळ झाला का. टीकाकारही हेच बोलले. पु. लं.चा विनोद मध्यमवर्गीय स्मरणरंजनात अडकला, असा आक्षेप आला तो साहित्यिक आक्षेप होता. माणूस म्हणून ते कसे, हा प्रश्न जणू असभ्य होता. आणि कुणी विचारलाच तर उत्तर तयार असायचं: दानशूर, दिलदार, सगळ्यांचे भाई.

आणि मग १९९० साली सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं. महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेल्या विनोदकाराच्या पत्नीने, तो हयात असताना, संसाराचा हिशेब मांडला. त्याचं लाघव सांगितलं, त्याचबरोबर घरातली बेफिकिरी, मुलासारखं परावलंबन, स्वतःत रमणं हेही लिहिलं. मराठी वाचनाच्या इतिहासात इतकं मोहोळ उठवणारी आत्मकथनं थोडी. एक पक्ष म्हणाला, दैवताला घरच्याच माणसाने खाली ओढलं. दुसरा म्हणाला, प्रसिद्ध पुरुषाच्या सावलीतल्या बाईने पहिल्यांदा डोळे न झुकवता लिहिलं. गौरी देशपांड्यांनी ते इंग्रजीत नेलं, आवृत्त्या निघत राहिल्या, अजूनही पु. लं.चा विषय निघाला की दहाव्या मिनिटाला हे पुस्तक निघतं. या वादाकडे सहसा स्त्रीवादाच्या अंगाने पाहिलं जातं, ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट घडली. दादांबद्दल जे प्रश्न वाचक सहज, चवीने विचारतो, ते पु. लं.बद्दल विचारले गेले तेव्हा त्याच वाचकाला ते घाव वाटले. फसलेल्या संसाराची कथा सोंगाड्याच्या तोंडून रंजक वाटते. साहित्यिकाच्या घरातून साधी कुरकुर आली तरी ती मर्यादाभंग ठरते. २०१९ साली पु. लं.च्या जन्मशताब्दीच्या वर्षात महेश मांजरेकरांचा ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ दोन भागांत आला, तेव्हाही त्यातल्या काही प्रसंगांवर चाहत्यांचा आक्षेप आला तो असाच: आमचे भाई असे नव्हते.

गंमत अशी, की ज्या पुस्तकावर खासगीपणाचा आरोप झाला, त्यातच विनोदाच्या धंद्याचा ऐवज पुष्कळ आहे. प्रयोगांची आखणी, हिशेब, परवानग्या, शिस्त, लोकप्रियतेच्या ओझ्याखालचं रोजचं काम, आणि एका माणसाच्या हसवण्यामागे दुसऱ्या माणसाने उभा केलेला सगळा कारखाना सुनीताबाई दाखवतात. ‘वाऱ्यावरची वरात’मध्ये त्या स्वतः रंगमंचावर होत्या, बाहेरून पाहणाऱ्याचं ते लिखाण नव्हे. पण भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही पानं भराभर उलटली. एकाला दैवताची अब्रू वाचवायची होती, दुसऱ्याला बाईचा आवाज ऐकायचा होता. तालीम कशी व्हायची, हे कुणालाच ऐकायचं नव्हतं.

हा केवळ मराठी रोग नाही, हेही मान्य केलं पाहिजे. चार्ली चॅप्लिनचं आत्मचरित्र १९६४ साली आलं, तेव्हा लंडनमधल्या दारिद्र्याच्या प्रकरणांची वाहवा झाली. जाणत्या समीक्षकांनी मात्र तक्रार केली की भेटलेल्या बड्या माणसांची यादी आहे, विनोद कसा रचला ते नाही. तिकडे निदान तक्रार तरी झाली. आपल्याकडे चॅप्लिन घराघरांत पोचला तो भा. द. खेरांच्या ‘हसरे दुःख’मधून, आणि या नावातच आपली सगळी अपेक्षा आली: हसवणारा माणूस आतून रडत असला पाहिजे. ‘एकटा जीव’ या नावातही तेच. रडण्याची पावती मिळाल्याशिवाय विनोदी माणसाला मोठं म्हणायची आपली तयारी नसते. लोहाराच्या चरित्रात भात्याबद्दल वाचायची इच्छा असते; विदूषकाच्या चरित्रात भाता नको असतो, निखारा हवा असतो.

इथे पहिला आक्षेप येतो: हे सगळं जातीचं आणि वर्गाचं साधं गणित आहे, त्यासाठी वाचनाच्या सवयीचा एवढा पसारा कशाला? गणित आहेच. तमाशा ज्या समाजांनी जगवला त्यांच्या कलेला ‘कला’ म्हणायला पांढरपेशा महाराष्ट्राने फार वेळ घेतला. पण एवढ्यावर भागत नाही, कारण राम नगरकर आडवे येतात. न्हाव्याच्या घरातला हा नट, सेवा दलातून आलेला, तमाशाच्या बाजात मुरलेला. त्याने ‘रामनगरी’ हे आत्मकथन लिहिलं, त्याचे एकपात्री प्रयोग केले, आणि कांतिलाल राठोड यांनी १९८२ साली अमोल पालेकरांना घेऊन त्यावर हिंदी चित्रपट काढला. वर्गाचंच गणित असतं तर हे पुस्तक पांढरपेशा कपाटात गेलंच नसतं. ते गेलं, आणि आवडीने वाचलं गेलं. मात्र वाचकाने त्यातलं काय उचललं? वस्तरा, धोकटी, गिऱ्हाईकं, जातीच्या धंद्याचे चटके आणि ते हसत सांगण्याचा मोठेपणा. नगरकर एखादा अपमान सांगताना हशा कुठे पेरतात आणि तो हशा पुन्हा कुणाच्या अंगावर उलटवतात, ही त्यांची लेखनातली हातोटी होती. तिची चर्चा पु. लं.च्या कोट्यांच्या दशांशानेही झाली नाही. म्हणजे कपाट मिळालं तरी प्रश्न बदलला नाही. जातीने दार अडवलं हे खरं, आणि दार उघडल्यावरही आतल्या माणसाने पाहुण्याला त्याच्या हालअपेष्टाच विचारल्या, हेही खरं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. दादांचं पुस्तक दादांनी लिहिलेलं नाही, सांगितलेलं आहे. शब्दांकन करणाऱ्याने जे विचारलं तेच उतरणार, त्यात वाचकाचा काय दोष? यातला अर्धा भाग बरोबर आहे. शब्दांकनाच्या पुस्तकात प्रश्नकर्ता दिसत नाही, पण पुस्तकाचा आकार त्याचाच असतो. मात्र प्रश्नकर्ताही वाचकाच्या बाजूनेच बसलेला असतो. वाचकाला काय हवं याचा अंदाज घेऊनच तो विचारतो. शिवाय वेगळं शब्दांकन होऊ शकतं. अशोक सराफ, ज्यांनी १९७५ साली ‘पांडू हवालदार’मध्ये दादांबरोबर काम केलं, त्यांचं ‘मी बहुरूपी’ मीना कर्णिक यांनी शब्दबद्ध केलं आहे. त्यात भर भूमिकांवर, सहकलाकारांवर, कामाच्या पद्धतीवर आहे. संसाराची चिरफाड नाही, डोळ्यांतलं पाणी विक्रीला काढलेलं नाही. फडातून न आलेल्या, संगीत नाटकाच्या वळणातून आणि व्यावसायिक रंगभूमीवरून आलेल्या नटाला ही सवलत मिळाली, एवढंच म्हणावंसं वाटतं. पण पुस्तक शक्य आहे हे तर सिद्ध झालं.

तिसरा आक्षेप तमाशाचे जाणकारच घेतात: सोंगाड्याचं कसब लिहून ठेवताच येत नाही. ते आवाजात, डोळ्यांत, ढोलकीच्या थापेवर थबकण्यात असतं. कागदावर उतरलं की मेलं. याला उत्तर शोधायला हिंजवडीहून लांब जावं लागत नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर, आज ज्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या शेड आहेत, इंद्रायणीच्या काठी इंदुरी आहे. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या गढीमुळे इतिहासात आलेलं हे गाव. तिथल्या गजानन राघू सरोदे यांना महाराष्ट्र दादू इंदुरीकर म्हणून ओळखतो. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात त्यांनी सावळ्या कुंभार केला, आणि तो इतका केला की वग आणि नट वेगळे काढता येईनात. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९८० साली ते गेले. दादा कोंडक्यांच्या आधी आणि त्यांच्या मागे जी परंपरा उभी होती, तिचा हा बिनीचा माणूस, औद्योगिक पट्ट्याच्या ऐन मध्यातला.

दादूंबद्दल लिहिलं गेलंच नाही असं नाही. नामदेव व्हटकरांपासून रुस्तुम अचलखांबांपर्यंत तमाशावर मराठीत भक्कम काम झालं आहे, कोशांत नोंदी आहेत, गौरवाचे लेख आहेत. पण ते अभ्यासकाच्या टेबलावर. सर्वसाधारण वाचकाच्या हाती दादू आले नाहीत, कारण त्यांच्याकडे वाचकाच्या नेहमीच्या प्रश्नाला देण्याजोगं भडक उत्तर नव्हतं: कोहिनूर नव्हतं, गिनीज नव्हतं. त्यांच्याकडे होता सावळ्या. आणि ‘लिहिता येत नाही’ या आक्षेपाला तो सावळ्याच उत्तर देतो. दादूंनंतर ही भूमिका थांबली नाही. प्रकाश इनामदारांनी ती रंगमंचावर केली, २००७ साली चित्रपट आला त्यात मकरंद अनासपुऱ्यांनी केली. जे एका अंगातून दुसऱ्या अंगात जातं ते शिकवता येतं, आणि जे शिकवता येतं त्याच्याबद्दल बोलता येतं. दादूंचा सावळ्या बायकोपुढे मान टाकतो तेव्हा तो भितो की भिण्याचं नाटक करतो. देवादिकांशी बोलताना त्याची मावळी बोली का सैलावत नाही. एकच वाक्य गावच्या जत्रेत आणि पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात तो वेगळं टाकायचा का. इनामदारांनी यातलं काय घेतलं आणि काय सोडलं? हे प्रश्न घेऊन लिहिलेलं पुस्तक कीर्तनकाराच्या निरूपणावरच्या किंवा एखाद्या गवयाच्या ख्यालावरच्या पुस्तकाइतकंच वाचनीय होईल. गवयांवरची तशी पुस्तकं मराठीत आहेत आणि ती संगीत न येणारे लोकही चवीने वाचतात. तिथे कुणी म्हणत नाही की सूर कागदावर येत नाही, तेव्हा फक्त संसाराचं सांगा.

पिंपरी-चिंचवडने आपल्या नाट्यगृहांना नावं दिली ती पाहण्याजोगी आहेत: संत तुकारामनगरला आचार्य अत्रे, पिंपळे गुरवला निळू फुले. अत्र्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ स्वतः लिहिलं, खंडामागून खंड, आणि विनोदी लेखक म्हणून मिळालेली सत्ता आत्मचरित्रातही हातची जाऊ दिली नाही; काय सांगायचं, किती फुगवून सांगायचं, हे तेच ठरवत. सोंगाड्याला ती सत्ता फडावर होती. तिथे सरदार, राजा, देव, पाटील, पुढच्या रांगेत बसलेला फौजदार, कुणीही त्याला प्रश्न विचारला तरी उत्तर त्याच्या मर्जीचं असायचं. पुस्तकात शिरल्यावर मात्र त्याला गप्प बसून आपल्यावरचे प्रश्न ऐकावे लागले. दादूंना खेळताना पाहिलेली माणसं इंदुरी, तळेगाव, वडगाव या गावांत अजून आहेत, सत्तरी-ऐंशी ओलांडलेली. दादू कसा माणूस होता, असं त्यांना विचारलं तर ती चांगलं तेवढं सांगतील. सावळ्या गाढवाशी बोलताना पाय कुठे रोवायचा, असं विचारलं तर उठून दाखवतील.